चहात बुडवलेलं पत्र

तो जूनमध्ये गेला.
दाढेत पू झाला होता, जबडा सुजला होता,
चर्चच्या वहीत तसं स्वच्छ लिहिलंय:
मातोउश हाव्हरांट, ऑर्गनवादक, वय एकावन्न, दाढ.
सिनेमात तो बर्फात मरतो.

बर्फ कागदाचा होता.
चौकात तीन ट्रक उभे राहिले, पंखे लागले,
आणि ऐन उन्हाळ्यात आमच्या मोराव्हियातल्या गावावर
इतका हिवाळा पडला, की बेकरीवाल्या म्हाताऱ्या व्लास्तानं
सवयीनं पायरीवर मीठ टाकलं.
ऑक्टोबरपर्यंत मी दप्तरखान्याच्या पन्हाळीतून
ते कपटे उपसत होते.

मला सल्लागार नेमलं होतं. नाव अगदी शेवटी येतं,
गाड्या पुरवणाऱ्यांच्याही नंतर.
मी म्हटलं, मेणबत्त्या नकोत. त्याला परवडत नव्हत्या,
चरबीचा दिवा असायचा, घरभर मेंढीचा दर्प.
दिग्दर्शक शुस्त्र म्हणाले, दर्प दिसत नाही.
एकोणचाळीस मेणबत्त्या लागल्या. मी मोजल्या.

मी म्हटलं, काउंटेस नव्हतीच कुणी.
तेरेझिए होती, बायको,
स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून
एकेका वादकाची प्रत उतरवणारी.
तिच्या स्वरांची टिंबं उजवीकडे कलतात, घाईतल्या बाईसारखी,
आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या पानामागे हिशेब आहे:
लाकूड, बार्ली, धाकट्याची शवपेटी, बार्ली.
शुस्त्रांनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं,
हातमोजे घालून. तेवढं माझं ऐकलं.
मग म्हणाले, "बार्ली दोनदा आहे."
मी म्हटलं, हो.
म्हणाले, "हे मला दाखवता येणार नाही."
तेरेझिएला मिळाल्या चार ओळी आणि एक खिडकी.

मग त्यांनी विचारलं, भांडायच्या सुरात नाही,
रात्री कसा बसायचा तो? कुणावर ओरडायचा?
हवं ते सापडलं की उठायचा, की तसाच गप्प राहायचा?
अकरा खोकी आहेत माझ्याकडे.
त्यांत पावत्या, चष्म्याची एक काच,
बिशपांकडे पगारवाढीचे सहा अर्ज, सहाही नम्र.
एकोणतीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसलेय
आणि त्याचा आवाज जाड होता की बारीक,
मला ठाऊक नाही.

गावच्या थिएटरात, तिसऱ्या रांगेत,
तो काउंटेसला पत्र लिहितो तिथं मी रडले.
कधीच न लिहिलेलं पत्र.
व्लास्तानं रुमाल पुढं केला, कुजबुजली,
"तू तर ओळखत होतीस ना त्याला."

आता माणसं येतात. ब्रनोहून, लिंझहून,
एक जोडपं तर थेट ओसाकाहून.
पत्र कुठंय, विचारतात.
नाही म्हटलं की अशी बघतात
जसं काही मीच दडवलंय.
मी बार्लीचा कागद पुढं करते.
बहुतेक जण घड्याळ बघतात.
एका शाळकरी पोरीनं मात्र विचारलं,
शवपेटीला लाकडापेक्षा कमी पैसे कसे?
मी म्हटलं, पेटी लहान होती.

आणि परवा पार्सल आलं.
निर्मात्यांकडून गावाला सप्रेम भेट:
तेच पत्र, चौकटीसकट.
कागद चहात बुडवून जुना केलेला, कडा जाळलेल्या,
अक्षर त्याच्यापेक्षा कितीतरी सुरेख.
नियम असा, की आलेली वस्तू नोंदवायची.
नोंदवली. क्रमांक दिला. मागं पेन्सिलीनं लिहिलं,
खोटं. सिनेमासाठी केलेलं.
पेन्सिल पुसली जाते, मला कळतं.
पण शाईनं कागद खराब होतो,
नियम तोही आहे.

बारावं खोकं काढलं.
नाकाशी धरलं तर अजून चहा येतो.
तो उडून जायच्या आत
कुणीतरी उघडून हुंगायला हवं.